गर्भाच्या हृदयाचे ठोके

१८१८ सालीं जिनीव्हा शहरांतील मेयर नांवाच्या शस्त्रवैद्यानें एका गरोदर स्त्रीच्या पोटास कान लावला. आंतून त्यास जे ठोके ऐकूं आले, ते आईच्या नाडीशीं मुळींच जुळत नव्हते. मूल जिवंत आहे कीं नाहीं, हें ओळखण्याचा एक मार्ग सांपडला, एवढेंच त्यानें त्यावरून जाणलें.

पॅरिसमधील केर्गारादेक याची जिज्ञासा याहून खोल गेली. लेनेक यानें १८१६ सालीं छातींतील आवाज ऐकण्याची नळी शोधून काढली होती. परस्त्रीच्या छातीला कान लावण्याचा संकोच हेंहि त्या शोधाचें एक कारण होतें! ती नळी केर्गारादेकनें १८२१ सालीं गरोदर स्त्रीच्या पोटावर ठेवली. गर्भजलाची खळखळ ऐकावी असा त्याचा हेतु होता. पण ऐकूं आली ती घड्याळासारखी जलद टिकटिक. तिच्याबरोबर आईच्या नाडीच्या तालावर चालणारा एक फुंकरीसारखा आवाजहि त्यास आढळला. या ठोक्यांच्या फरकावरून बालकाची प्रकृति कळेल काय, असा प्रश्न त्यानें तेव्हांच विचारून ठेवला. पुढील दोनशें वर्षांचा सारा खटाटोप या एका प्रश्नाभोवतीं फिरत आहे.

१८९३ मध्यें फोन विंकेल या जर्मन वैद्यानें मिनिटास १२० ते १६० ठोके ही निरोगी गर्भाची मर्यादा सांगितली, आणि १८९५ सालीं पिनार या फ्रेंच वैद्याचा कर्णा सुइणींच्या हातीं आला. या कर्ण्यापासून बालकास अपाय होणें शक्यच नव्हतें, कारण तो शरीरांत कांहींच सोडीत नाहीं. मात्र सुईण ऐकत नसेल त्या वेळीं पोटांत काय घडतें, हें तो सांगूं शकत नसे.

साधनापासूनच बालकास धोका असूं शकतो, ही जाणीव दुसऱ्याच वाटेनें आली. गरोदरपणीं क्ष-किरणांनीं गर्भाचें चित्र घेण्याची प्रथा त्या काळीं रूढ होती. ऑक्सफर्डच्या डॉ. ॲलिस स्टुअर्ट यांनीं कर्करोगानें दगावलेल्या मुलांच्या आयांकडे चौकशी केली, तेव्हां गर्भारपणीं पोटावर क्ष-किरण घेतलेल्या आया त्यांत सुमारें दुप्पट आढळल्या. १९५६ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. वैद्यकजगतास मात्र तें मानण्यास कित्येक वर्षें लागलीं. त्यामुळें १९५८ सालीं ग्लासगोच्या इयन डोनल्ड यांनीं श्राव्यातीत ध्वनिलहरींनीं पोटांतील चित्र काढलें, आणि १९६४ च्या सुमारास डॉप्लरच्या तत्त्वावर गर्भाचे ठोके ऐकूं येऊं लागले, तेव्हां हीच शंका पुन्हां उठली. या लहरी क्ष-किरणांच्या जातीच्या नव्हेत. पण तीव्र असल्यास त्या शरीराच्या पेशी तापवूं शकतात. आजवर मनुष्यगर्भास त्यांपासून अपाय झाल्याचें सिद्ध झालेलें नाहीं. तरीहि कारणावांचून वापरूं नये, वेळ व शक्ति अल्प ठेवावी, आणि पहिल्या तीन महिन्यांत ठोके मोजण्यास तीव्र डॉप्लर योजूं नये, असा तज्ज्ञांचा दंडक आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत येल येथें एडवर्ड हॉन यांनीं ठोके अखंड कागदावर उमटविणारें यंत्र सिद्ध केलें. त्यासाठीं पुढें बालकाच्या डोक्याच्या त्वचेंत एक बारीक टोंचणारी तार अडकविण्याची युक्ति निघाली. आईस विषाणुजन्य रोग असल्यास ही तार टाळावी लागते. यंत्र घराघरांतल्या दिव्यांप्रमाणें इस्पितळांत पसरलें. त्याची परीक्षा मात्र मागाहून झाली. १९७६ सालीं डेन्व्हर येथें ४८३ जोखमीच्या बाळंतिणींवर केलेल्या तुलनेंत, यंत्र लावलेल्यांमध्यें सीझेरियन शस्त्रक्रिया दुपटीहून अधिक झाल्या, आणि मुलांस कांहीं विशेष लाभ दिसला नाहीं. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेली डब्लिनची परीक्षा याहून फार मोठी, सुमारें १३,००० स्त्रियांची. यंत्राच्या बाजूस नवजातांचे आंकडीचे झटके निम्म्यावर आले, हें मोलाचेंच. पण मृत्यु दोन्ही बाजूंस सारखे होते, आणि चौथ्या वर्षीं पाहतां मेंदूच्या विकारानें पंगु झालेलीं मुलेंहि तितकींच आढळलीं. तेथें प्रत्येक बाळंतिणीजवळ स्वतंत्र परिचारिका बसत असे, ही गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. एका सुइणीस दहा खाटा पाहाव्या लागतात, तेथें तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू करणें धाडसाचें होईल.

यंत्रानें बालकास जखम केली नाहीं. त्याच्या रेषांचा अर्थ लावण्यांत माणूस घाबरला, आणि सुरी आईवर चालली. जागतिक आरोग्य संघटनेनें १८१८ नंतर बरोबर दोनशें वर्षांनीं, म्हणजे २०१८ सालीं, निरोगी स्त्रीच्या नैसर्गिक प्रसूतींत अखंड यंत्र न लावतां कर्ण्यानें वा हातांतल्या डॉप्लरनें ठराविक वेळीं ठोके ऐकावे, अशी शिफारस केली.

आतां हें लहान डॉप्लर दुकानांतून विकत मिळूं लागलें आहे, आणि आया तें घरीं पोटास लावतात. २०१४ सालीं अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें या घरगुती वापराविरुद्ध इशारा दिला. लहरींची भीति हें त्याचें एक कारण. पण त्याहून मोठा धोका निराळाच आहे. एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानें २००९ सालीं एका स्त्रीची हकीकत छापली. बालकाची हालचाल मंदावल्याचें तिला जाणवलें होतें. तिनें घरीं डॉप्लर लावला, ठोके ऐकूं आले, आणि ती निर्धास्त राहिली. ते ठोके बहुधा तिच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांचे, अथवा वारेंतील प्रवाहाचे असावेत: केर्गारादेकनें १८२१ सालीं निराळा ओळखला होता, तोच तो आवाज. ती इस्पितळांत पोहोंचली तेव्हां बालक गेलेलें होतें.