पूरिमची तिकोनी बिस्किटे

ज्यू पंचांगातील अदार महिन्याच्या १४ तारखेला पूरिम हा सण येतो. पर्शियाच्या राजाचा प्रधान हामान याने योजलेल्या संहारातून एस्तेर राणीच्या धैर्यामुळे ज्यू समाज वाचला, या बायबलमधील कथेचे स्मरण त्या दिवशी केले जाते. या सणासाठी अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातील ज्यूंच्या घरी ‘हामानताशन’ ही सारण भरलेली तिकोनी बिस्किटे भाजतात. तो तिकोन हामानच्या टोपीचा, असे मुलांना सांगण्याची रीत असली, तरी या पदार्थाची घडण समजून घ्यायची तर टोपीपेक्षा वाणाच्या आज्ञेकडे पाहावे लागते. परस्परांना खाद्यपदार्थ धाडावेत असे एस्तेरच्या ग्रंथातच सांगितले असून, ‘मिश्लोआख मानोत’ या प्रथेनुसार लगेच खाता येतील असे किमान दोन पदार्थ निदान एका व्यक्तीकडे पोचवावे लागतात. साहजिकच मुलांच्या हाती शेजारी पाठवता येईल असा, न सांडणारा आणि टिकणारा पदार्थ घरोघर प्रिय ठरला.

जुने सारण खसखशीचे. युरोपातील निळसर काळी खसखस कुटून ती मधात शिजवीत. आलुबुखाराच्या घट्ट मुरंब्याचा, म्हणजे ‘पोव्हिदल’चा, संबंध मात्र बोहेमियातील एका खटल्याशी जोडला जातो. युंगबुन्झलाऊ गावच्या डेव्हिड ब्रँडाइस या व्यापाऱ्यावर विषारी मुरंबा विकल्याचा आरोप आला आणि १७३१ मध्ये तो निर्दोष सुटल्यावर त्याच्या कुटुंबात ‘पोव्हिदल पूरिम’ पाळला जाऊ लागला. एवढ्या एका घटनेने सबंध पूर्व युरोपाचे सारण ठरले असेल, हे मानणे कठीण आहे, कारण हिवाळ्याच्या बेगमीत हा मुरंबा तिथे असेच; पण खोट्या आळातून सुटकेची ही कथा पूरिमच्या कथेशी इतकी जुळणारी होती की ती त्या पदार्थाला चिकटून राहिली, यात नवल नाही.

कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या परंपरेत ही बिस्किटे नव्हती. पूरिमला तिथे ‘होळीचा सण’ म्हणत, अशी नोंद हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या इतिहासग्रंथात आहे, आणि फाल्गुनी पौर्णिमेशी पूरिमची तिथी बहुधा जुळत असल्याने हे नाव स्वाभाविकच वाटते.

पूर्वी यीस्टने फुगवलेल्या कणकेचे असणारे हामानताशन आज खुसखुशीत बिस्किटासारखे दिसते; हे रूप मुख्यतः १८८१ नंतर अमेरिकेत गेलेल्या लक्षावधी ज्यूंच्या स्वयंपाकघरांत, बेकिंग पावडरच्या आधाराने घडले. मांसाच्या जेवणानंतर दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य असल्यामुळे, आणि पूरिमच्या मेजवानीत मांस सहसा असते म्हणून, अनेक घरी लोणी व दुधाऐवजी तेल आणि संत्र्याचा रस घालून ‘पारवे’, म्हणजे दूध व मांस दोन्हींपासून मुक्त, पीठ मळतात. पेल्याने गोल कापून, मध्ये चमचाभर सारण ठेवून तीन कडा चिमटण्याचे काम मुलांकडे येते. ही बिस्किटे घरी ढिगाने होतात, यामागे आणखी एक व्यावहारिक कारण आहे: पूरिमनंतर महिन्याभराने पेसाख येतो, त्या सणात आंबवलेले धान्य घरात कणभरही चालत नाही, आणि म्हणून डब्यातले पीठ त्याआधी संपवायचे असते.