न झडणारी ओंबी

शेतीच्या शोधाचा धडा शिकवताना मुले हमखास विचारतात, "हा शोध लावला कोणी?" नाव सांगता येत नाही. उत्तर गव्हाच्या ओंबीत आहे.

जंगली गव्हाची ओंबी पिकली की तिचा दांडा सांध्यासांध्यातून तुटतो आणि दाणे जमिनीवर झडतात. रोपाचा त्यात फायदाच, बी आपोआप पेरले जाते. माणसाच्या हाती मात्र थोडेच लागते. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तुर्कस्तान, सीरिया, पॅलेस्टाईनच्या पट्ट्यात लोक हा गहू कापून आणत. क्वचित एखाद्या रोपाची ओंबी झडत नसे. रानात हा दोषच. पण कापलेल्या पेंढीतून तेच दाणे जास्त घरी येत, पुन्हा पेरले जात. असा तो गुण हजारो वर्षांत हळूहळू पसरला.

२०१७ साली जंगली एमर गव्हाचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला आणि यामागचे कारण उलगडले. एमरमध्ये जनुकांचे दोन संच असतात. ओंबी तोडणारे जनुक दोन्हींत असते. दोन्हीकडे ते निकामी झाले तरच ओंबी पूर्ण टिकते.

आपला खपली गहू म्हणजे माणसाळलेला एमरच. त्याची ओंबी शेतात झडत नाही, पण टरफल घट्ट चिकटलेले असते, म्हणून तो कांडावा लागतो. मळताच दाणा मोकळा होणारा गहू नंतरचा.

आपण बादशहांच्या सनावळ्या पाठ करतो. ताटातली रोटी मात्र ज्यांच्यामुळे आली, त्यांची नावे, भाषा, धर्म कुणालाच ठाऊक नाही. म्हणूनच त्यांचा वारसा सगळ्यांचा आहे.