फिरत्या घराचे पितळ



पितळेला आपल्या भाषेने फारसा न्याय दिलेला नाही. कोणाचे सोंग उघडकीला आले की आपण म्हणतो, पितळ उघडे पडले. सोन्याच्या नावावर फसवणारा धातू, एवढीच त्याची कीर्ती. वास्तविक ज्या घरांत सोने दोनचार तोळ्यांच्या पलीकडे कधी गेले नाही, त्या घरांचा मान पितळेनेच राखला. दाराची कडी, झोपाळ्याच्या साखळ्या, पेटीच्या पट्ट्या, बैलाच्या शिंगांवरच्या शेंब्या या वस्तूंना बखरीत जागा नाही आणि दप्तरातही क्वचितच. आज त्यांच्याविषयीच बोलायचे आहे, पण सुरुवात जरा लांबून, इंग्लंडातल्या कालव्यांपासून करतो. कारण तेथे हाच प्रश्न फार स्वच्छपणे दिसतो.

१७६१ साली मँचेस्टरकडे कोळसा नेण्यासाठी ब्रिजवॉटरचा कालवा सुरू झाला. पुढच्या साठसत्तर वर्षांत मध्य इंग्लंडात कालव्यांचे जाळे विणले गेले. १७७२ साली बर्मिंगहॅमचा कालवा पुरा झाला, आणि बर्मिंगहॅम हे तर पितळेच्या कारखान्यांचे गाव. या कालव्यांवरच्या नावा अरुंद असत. लांबी सत्तर फूट आणि रुंदी जेमतेम सात, कारण पाण्याची पातळी चढवणारे-उतरवणारे दरवाजे त्याच मापाचे बांधलेले. घोडा काठाने चालायचा आणि दोराने नाव ओढायचा. पहिल्या काळात पुष्कळ नावाड्यांची बायकामुले गावातल्या घरी राहत. पुढे रेल्वे आली, मालाचे भाडे पडले, हाताखाली मजूर ठेवणे परवडेना. तेव्हा कित्येकांनी गावातले घर सोडले आणि सगळे कुटुंबच नावेवर चढले. नावेच्या मागच्या टोकाला दहाएक फुटांची खोली. त्यात चूल, कपाट, रात्री उलगडायची झोपण्याची फळी, नवराबायको आणि मुले. उरलेली नाव मालाची.

या दहा फुटांत पितळ होते. धुराड्यावर पितळेच्या तीन कड्या. कालव्यावरचे पूल ठेंगणे, म्हणून धुराडे काढघालीचे. ते पाण्यात पडू नये म्हणून त्याला साखळी, तीही पितळेची. चुलीपुढे पितळी दांडी, कपाटांना पितळी मुठी. घोड्याच्या चामडी साजावर चंद्रकोर, सूर्य, बदाम अशा आकारांची पितळी पदके. ही पदके म्हणजे प्राचीन ताईत, दृष्ट लागू नये म्हणून बांधलेले, असे सांगणारे लेखक तेथे झाले आहेत. त्याला फारसा आधार नाही. पदकांची आवड मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली, आणि त्या शतकाच्या अखेरीस ती ओतीव न राहता पत्र्यातून ठोकून निघू लागली. इतिहासात प्रत्येक शोभेच्या वस्तूला पुरातन मंत्रतंत्र चिकटवण्याची हौस सगळीकडे सारखीच आहे!

मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. नावेत कोळसा, अंगावर काजळी, आणि पितळ मात्र घासून लख्ख. काठावरची प्रतिष्ठित मंडळी या लोकांना घाणेरडे आणि अडाणी समजत. जॉर्ज स्मिथ नावाच्या सुधारकाच्या खटपटीने १८७७ साली राहत्या नावांच्या नोंदणीचा कायदा झाला, त्याच्यामागे दयाबुद्धी होती तशी ही समजूतही होती. नावेवरच्या पुष्कळ बायकांना लिहिता येत नव्हते. वर्तमानपत्रात उत्तर देण्याची सोय नव्हती. धुराड्यावरच्या तीन कड्या पुलावरून जाणाऱ्या कोणालाही दिसत होत्या. मी त्या कड्यांकडे उत्तर म्हणूनच पाहतो.

आता आपल्याकडे या. आपल्या क्षिप्रेवर नावा आहेत, पण घर करून राहायच्या नाहीत, आणि मालाचे कालवे माळव्यात नव्हते. तरी फिरते घर आपल्या पूर्वजांना चांगले माहीत होते, कारण ते फिरत्या घरातूनच येथे आले. राणोजी शिंद्यांबरोबर अठराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात जी घराणी माळव्यात उतरली, ती लष्कराच्या मागून उतरली. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले; म्हणजे मुक्काम पक्का करण्याचा विचार तेव्हापासूनचा. पण मुक्काम आणि कूच यांचे जमेना. १८१० साली दौलतरावांनी उज्जैनचे ठाणे हलवून ग्वाल्हेरच्या पायथ्याशी तळ दिला, आणि त्या शहराचे नावच लष्कर पडले. राजधानीला छावणीचे नाव असणे ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरतो की तिच्यातला अर्थ आपल्या लक्षात येत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, १८०९ साली, ही छावणी राजपुतान्यात फिरत होती. ब्रिटिश वकिलाच्या संरक्षक तुकडीचा अधिकारी टॉमस ब्रॉटन तिच्यात होता. त्याची पत्रे १८१३ साली पुस्तकरूपाने छापली गेली. आपल्या लोकांविषयी त्याचे मत बरे नाही, पण त्याची नजर बारीक आहे. बिनीवाले पुढे जाऊन निशाण रोवीत, आणि त्या निशाणापासून सगळा तळ ठरल्या क्रमाने पडे. सरकारचे डेरे येथे, अमक्याचा बाजार तेथे. गाव रोज उठायचा आणि रोज तोच गाव पुन्हा मांडला जायचा.

अशा गावात भिंत नसते, दार नसते, तुळशीवृंदावन नसते. घराची ओळख पटावी असे असते काय? पेटी, पालखी आणि बैल. लाकडी पेटी ओझ्याच्या जनावरावर लादली की कोपरे आधी फुटतात, म्हणून कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. कुलूप अडकवायला कोयंडा हवा, तो पितळेचा, कारण लोखंड पावसाळ्यात गंजून बसते. बैलाच्या शिंगाचे टोक दुसऱ्याला लागू नये म्हणून शेंबी. पालखीची दांडी टोकाला चिरते, म्हणून तिला धातूचे टोपण. प्रत्येक ठिकाणी आधी गरज आहे. मग टोपणाला वाघाचे किंवा मगरीचे तोंड येते, कोयंड्यावर मोर बसतो, शेंबीला घुंगरू लागतो. ओताऱ्याला मेणाचा साचा करायचाच असतो. त्यात मोर घडवायला मेण थोडे जास्त लागते, एवढेच. नावेच्या धुराड्याच्या कड्या आणि आपल्या पेटीवरचा मोर, दोघांचे कूळ एकच: हलत्या, आपटत्या घराची डागडुजी.

पालखीचा विषय निघाला आहे तर आपल्या गावातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. महाकालाची सवारी श्रावणी सोमवारी चांदीच्या पालखीतून निघते, रामघाटावर येते, क्षिप्रेच्या पाण्याने पूजा होते आणि गोपाळ मंदिरावरून परत जाते. येथला पंचांगी श्रावण पौर्णिमेला संपतो, पण सवारी भाद्रपदाच्या अमावास्येपर्यंतच्या सोमवारीही निघते, कारण तेवढा काळ महाराष्ट्राच्या मोजणीने श्रावणच असतो. छावणी उठली, राज्य गेले, संस्थाने विलीन झाली, पण देवाच्या फिरत्या घराचे वेळापत्रक आजही अर्धे मराठी आहे.

घोडी ठाणबंद झाली तेव्हा हे पितळ दारावर चढले. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर लोखंडी सुळे आहेत, हत्तीने धडक देऊ नये म्हणून. माळव्यातल्या कारकुनाच्या वाड्यावर हत्ती कोण घालणार? तरी दाराला सुळे हवेतच, मग त्यांच्या पितळी फुल्या झाल्या. भीतीची खूण दागिना होऊन बसली. कार्तिक चौक, सिंहपुरी या भागांत ज्यांनी बालपण काढले त्यांना अशी दारे आठवतील. वर गणेशपट्टी, मोठ्या दारात लहान दिंडी, आणि हाताच्या उंचीवर कडी. रात्री उशिरा येणारा कोण, हे कडीच्या आवाजावरून आतल्यांना कळे.

धातूची दारे म्हटल्यावर उज्जैनकर गोपाळ मंदिराचे नाव घेणारच. हे मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधविले. गाभाऱ्याची चांदी मढवलेली दारे सोमनाथाहून गझनीला गेली, तेथून लाहोरला आली आणि महादजींनी परत आणली, अशी परंपरा आहे. परंपरेला हसण्याचे कारण नाही. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की १८४२ साली लॉर्ड एलेनबरोने सोमनाथाचेच दरवाजे म्हणून गझनीहून जे दरवाजे वाजतगाजत आणले, ते तपासल्यावर तिकडच्याच देवदाराचे आणि तिकडच्याच कारागिरीचे निघाले. ते आग्र्याच्या किल्ल्यात पडून आहेत. दाराची कथा ऐकावी, पण खिळे आणि नक्षीही पाहावी.

आणि आता, उघडे पडणाऱ्या पितळेकडे. पितळ म्हणजे साधारण दोन भाग तांबे आणि एक भाग जस्त. तांबे वितळवणे सोपे. जस्ताची खोड अशी की भट्टीत ते धातुरूपाने हाती लागण्याआधीच त्याची वाफ होते आणि हवा लागली की राख. ही वाफ पकडण्याची विद्या जगात मोठ्या प्रमाणावर आधी साधली ती आपल्या शेजारी मेवाडात, उदयपूरच्या दक्षिणेस जावर येथे. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी, तोंड खाली करून भट्टीत मांडलेल्या, एका भट्टीत छत्तीस. वर जाळ, आणि वाफ खाली उतरून थंड होऊन साठायची. वापरून झालेल्या मुशींच्या भिंती बांधून जावरचे लोक घरे करीत, त्या भिंती अजून दिसतात. इंग्लंडात विल्यम चॅम्पियनने ब्रिस्टलला खालीच उतरणाऱ्या वाफेची अशी पद्धत १७३८ साली आपल्या नावावर करून घेतली, त्याच्या कितीतरी शतके आधी जावर चालू होते. १९८८ साली अमेरिकेतल्या धातुशास्त्र्यांच्या संस्थेने जावरला ऐतिहासिक स्थळ म्हणून मान दिला.

जावरचे काम थांबले ते १८१२-१३ च्या दुष्काळात. दुष्काळ हे शेवटचे निमित्त. त्याआधी कित्येक वर्षे शिंदे, होळकर आणि पेंढारी मेवाडातून खंडणी उपसत होते, गावे ओस पडत होती. १८०६ साली शिंद्यांची छावणी उदयपूरजवळ होती. ब्रिटिश वकिलाबरोबर तरुण जेम्स टॉड तेव्हाच पहिल्यांदा मेवाडात आला. राजपुतान्याचा तो प्रसिद्ध इतिहासकार मेवाडचे दैन्य प्रथम पाहतो, ते आपल्या तळावरून. खाणीला लाकूड लागते, कोळसा लागतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहणारे कारागीर लागतात. जी छावणी रोज उठून दुसरीकडे पडते, ती सगळ्यात आधी याच गोष्टी खाते. आपल्या बैलांच्या शेंब्यांत जस्त जावरचे होते की किनाऱ्यावर उतरणारे चिनी, हे धातू डोळ्यांनी पाहून सांगता येत नाही. पण जवळची खाण बंद पडण्याच्या काळात आपण तेथे होतो, आणि पाहुणे म्हणून नव्हतो. आपल्या घराण्यांच्या इतिहासात हे पान सहसा चिकटलेलेच राहते.

पुढे विलायतेतून तांब्यापितळेचा पत्रा येऊ लागला, आणि १८७०च्या दशकात होळकर स्टेट रेल्वे खंडव्याहून इंदुरास आल्यावर तो माळव्यात स्वस्तात पोचला. तांबटांचे काम त्याने बुडाले नाही, उलट वाढले. पण धातू मात्र बाहेरचा झाला. ज्या रेल्वेने इंग्लंडातल्या नावाड्याला घर सोडायला लावले, तिच्याच भावंडाने आपल्या वाड्यांत पितळ वाढवले. तो नावेवर गेला तेव्हा आपण नुकते दार लावून स्थिर होत होतो. वाटा अगदी उलट्या, आणि दोन्हीकडे घासण्याचे काम बायकांकडे. तिकडे काय वापरीत ते तुम्हाला सांगत बसत नाही. आपल्याकडे चिंच, राख आणि आता पितांबरी.

आज आपण नानाखेड्यात बसलो आहोत. जुन्या शहरातला वाडा वाटण्या होऊन विकायचा आणि इकडे नवे घर घ्यायचे, हे आपल्यापैकी अनेकांनी केले आहे, त्यात दोष काही नाही. पाडताना लाकूड एका गाडीत जाते आणि कडीकोयंडे पोत्यात. भंगारवाला किलोवर घेतो, हौशी गिऱ्हाईक नगावर. इंग्लंडातही नावांवरची कुटुंबे १९७०च्या सुमारास संपली, आणि पितळ संग्रहालयांत व सुटीच्या नावांवर गेले. पण त्या लोकांच्या आठवणी तोवर कोणीतरी बसून लिहून घेतल्या होत्या. आपल्याकडे दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेली कडी कोणत्या दाराची, हे तिसऱ्या पिढीला माहीत नसते. कागदाची एक चिठ्ठी मागे चिकटवायला दोन मिनिटे लागतात: कोणाचा वाडा, कोणता चौक, कितवे दार.

जुनी कडी आणि जुनी म्हणून विकली जाणारी नवी, यांतला फरक तिकडे घोड्याची पदके जमवणारे जसा ओळखतात तसाच आपणही ओळखू शकतो. वस्तू उलटी करून पाहावी. नव्यावर मुद्दाम आणलेली झीज सगळीकडे सारखी असते, काळपटपणाही लेपासारखा असतो. खरी झीज एका बाजूची असते. पदकाची पाठ घोड्याच्या चामड्यावर घासून गुळगुळीत होते. पुढचा सूर्य पॉलिशने पुसट होतो. कडीचा आतला भाग आणि उजवी बाजू झिजलेली असते, जेथे हात पडतो. मोराचा तुरा अस्पष्ट होतो, पण त्याच्या पायांतल्या खळग्यांत, जेथे चिंधी पोचत नाही, जुन्या चिंचेचा आणि राखेचा थर घट्ट बसलेला असतो.