ऊसगाडीच्या मागचा दिवा

बैलगाडीच्या आसाखाली लटकणारा कंदील हीच एकेकाळी बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात रात्रीच्या वाहतुकीची खूण होती. पुढे भालकी, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांत साखर कारखाने आले, ऊस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गेला आणि कंदिलाची जागा तारेने जोडलेल्या दिव्यांनी घेतली. 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचे दिवे आणि परावर्तक आले.

ट्रॅक्टर-ट्रॉलीमधली सात पिनांची 12 व्होल्टची जोडणी आंतरराष्ट्रीय मानकाची आहे. तिच्यात पिवळी तार डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, लाल ब्रेकची, पांढरी अर्थिंगची. हंगाम संपला की ट्रॉली पावसाळाभर उभी राहते आणि पितळी पिनांवर हिरवट थर चढतो. बिदरी कारागीर जस्त-तांब्याच्या मिश्रधातूला बीदरच्या किल्ल्याची माती आणि नवसागर लावून मुद्दाम काळे करतात. इथे मात्र तसला थर वीजच अडवतो. अर्थिंगची पिन खराब झाली तर ब्रेक दाबताच भलताच दिवा मिणमिणतो. म्हणून गाळपाआधी जोडणी सोडवून पिना बारीक ब्रशने घासाव्यात, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण वाळवाव्यात, वीज न वाहणारे ग्रीस पातळ लावावे आणि सॉकेटचे झाकण घट्ट बसते का तेही पाहावे.