पंचनाम्याखालची सही

१९८४ सालच्या पावसाळ्यात मी एका पंचनाम्यावर सही केली. तेव्हा मी नेरपासून दूर, दुसऱ्या तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक होतो. गावातली एक विवाहिता दगावली होती. मागच्या खोलीत कीटकनाशकाचा डबा सापडला, असे कागदात लिहिले होते. मी ओट्यापर्यंत गेलो. आत गर्दी होती, वरून पाऊस. कागद पुढ्यात आला तेव्हा तो लिहून झालेला होता. "गुरुजी, इथं," एवढेच जमादार म्हणाले.

दोनएक वर्षांनी साक्षीला गेलो. बचावाच्या वकिलांनी शांतपणे विचारले, "गुरुजी, त्या खोलीला दारे किती होती?" मला सांगता येईना. डबा कुठल्या कोपऱ्यात होता, झाकण लावलेले होते का, लाखेचे सील कोणी केले, यातले काहीच येईना. आरोपी सुटला. तो दोषी होता की नव्हता, मला आजही ठाऊक नाही. ते ठरवण्याची एक वाट माझ्या सहीने बुजवली, एवढे मात्र ठाऊक आहे. निवृत्तीनंतर नेरला परतल्यावर मी पंचनाम्याच्या इतिहासामागे लागलो, तो यामुळे.

शब्दच बघा. 'पंच' आपला, 'नामा' फारसी. गोतसभेचा निवाडा आपल्याकडे महजरावर उतरत असे. खाली हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या येत. कुणब्याची निशाणी नांगर. लिहिता न येणारा माणूसही आपल्या कामाचे हत्यार गहाण टाकून सांगत असे, की मी तिथे होतो. इंग्रजांनी १८६१ मध्ये फौजदारी कार्यपद्धतीची संहिता केली. पुढे १८९८ च्या संहितेत झडतीच्या वेळी त्या भागातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत, असे कलम १०३ ने सांगितले. १९७३ च्या संहितेने त्यात 'स्वतंत्र' हा शब्द घातला. प्रतिष्ठित माणूस स्वतंत्र असतोच असे नाही, हे समजायला पंचाहत्तर वर्षे लागली. गंमत म्हणजे 'पंचनामा' हा शब्द कायद्याच्या या संहितेत नाही. तो कचेरीच्या वहिवाटीतून आला आणि ठाण्याच्या मराठीत मुरला. चतुःसीमा, 'समक्ष', 'सदर', 'येणेप्रमाणे' या शब्दांचा ठसा शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही.

आता कोणी म्हणेल, विज्ञान आल्यावर पंचांची गरज काय? विज्ञान आपल्याकडे उशिरा आले असेही नाही. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग निघाला. एडवर्ड हेन्रीचे नाव झाले, पण वर्गीकरणाचे गणित बसवणारे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस होते. त्याच सुमारास जलपाईगुडीत चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला आणि एका बंगाली पंचांगावर रक्ताळलेला अंगठा सापडला. तो जुन्या नोकराचा निघाला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनातून सोडले. अंगठा सांगतो की हा माणूस इथे हात लावून गेला. त्याने काय केले, हे अंगठा सांगत नाही.

महाराष्ट्रातला याहून बोचरा दाखला पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे यांचा आहे. त्या विधवा होत्या, पैसाअडका बाळगून होत्या. डॉ. अनंत चिंतामण लागू हे त्यांचे डॉक्टर. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री ते त्यांना घेऊन मुंबईच्या पॅसेंजरने निघाले. पहाटे बाई बेशुद्धावस्थेत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल झाल्या, त्याही दुसऱ्याच नावाने. दुपार होण्याआधीच त्या गेल्या. प्रेत बेवारस पडून राहिले. शवविच्छेदन झाले ते २३ नोव्हेंबरला, दहा दिवसांनी. व्हिसेरा रासायनिक विश्लेषकाकडे गेला. विष सापडले नाही. इकडे नातलगांना बाईंच्या नावाने पत्रे येऊ लागली, की मी पुन्हा लग्न केले असून जयपूरकडे राहते. दरम्यान त्यांची मालमत्ता हळूहळू डॉक्टरांकडे सरकत होती.

सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९५९ रोजी फाशी कायम केली. बहुमताचा निकाल न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिला. ते आमच्या नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. प्रयोगशाळेला विष मिळाले नाही म्हणून विषप्रयोग झालाच नाही असे होत नाही, खोटे नाव आणि खोटी पत्रे बोलतात, असे त्यांचे म्हणणे. न्या. सरकार यांनी मात्र मतभेद नोंदवला: विष दिले हेच सिद्ध झालेले नाही. मी दोन्ही बाजू अनेकदा वाचल्या. माझे मन हिदायतुल्लांकडे जाते, पण सरकार यांची शंका पुसली जात नाही. प्रयोगशाळा गप्प राहिली त्याला ते हरवलेले दहा दिवसही कारणीभूत असतील, असे मला वाटते.

कारण प्रयोगशाळा घटनास्थळी नसते. तिच्याकडे येते एक गाठोडे. रक्ताचे ओले कपडे सावलीत न वाळवता प्लॅस्टिकमध्ये बांधले तर ते कुजतात. कागदातच बांधायला हवेत. व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात आणि त्या द्रावणाचा कोरा नमुनाही सोबत पाठवतात, म्हणजे विष बरणीतलेच होते असे कोणी म्हणू नये. आमच्याकडचे असे गाठोडे अमरावतीला किंवा नागपूरला जाते. वाटेत ते कोणाकोणाच्या हातात होते, सील शाबूत होते का, हे सिद्ध झाले नाही तर आतला अहवाल कितीही अचूक असो, लंगडा पडतो. आणि त्या साखळीची पहिली कडी म्हणजे ओट्यावर उभा असलेला, घरी जायची घाई झालेला माझ्यासारखा मास्तर.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. झडती-जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे झाले. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असे ती सांगते; त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. हे चांगलेच झाले. मात्र कॅमेरा कुठे वळवायचा हे हातच ठरवतो, आणि पंचांची सही अजून लागतेच.

गेल्या वर्षी शेजारच्या मुलाला पंच म्हणून बोलावणे आले. तो सरकारी नोकरीत आहे. अलीकडे अशांनाच जास्त बोलावतात. निघण्याआधी दारात थांबून म्हणाला, "काका, नेमकं काय पाहू?"

मी म्हटले, "आत जा. दारे मोज. कागद वाचल्याशिवाय पेन उघडू नको."

तो रात्री अकराला परतला. चपला काढता काढताच म्हणाला, "दोन दारं, काका. एकाला आतून कडी."