सुरतेचे अनुमोदन

सभेच्या कामकाजात ज्याच्याकडे कोणाचेच फारसे लक्ष जात नाही, असा एक शब्द आहे, तो म्हणजे ‘अनुमोदन’. एक वक्ता सूचना मांडतो, दुसरा उठून तिला अनुमोदन देतो, मग मत विचारले जाते, टाळ्या पडतात आणि सभा पुढल्या विषयाकडे वळते. हा सारा उपचार दोन-चार मिनिटांत आटोपतो. परंतु 1907 सालच्या डिसेंबरात, तापीकाठच्या सुरत शहरी, या उपचारास दोन दिवस लागले, आणि तो पुरा होताच राष्ट्रीय सभा दुभंगली.

मान्यता दर्शविणारे शब्द मराठीत थोडेथोडके नाहीत, आणि प्रत्येकाची जात निराळी आहे. ‘अनुमोदन’ या संस्कृत शब्दाच्या पोटात ‘मुद्’ म्हणजे आनंद पावणे हा धातू आहे. दुसऱ्याच्या मागोमाग संतोष पावणे, हा त्याचा मूळ भाव. ‘संमती’त मती एक झाल्याची खूण आहे. ‘पाठिंबा’ देणारा पाठीशी उभा असतो. सुरतेची गुजराती भाषा त्याच कामी ‘टेको’ म्हणते; मराठी माणसास आपला ‘टेकू’ त्यात सहज ओळखता येतो. ‘शाबास’ हा फारसीतील ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदी राहा’, या आशीर्वादाचा अवशेष आहे. आणि धर्मकृत्यात भटजींनी संकल्प सांगावा व यजमानाने नुसते ‘मम’ म्हणावे, ही मान्यतेची सर्वांत स्वस्त रीत होय. तेथे अर्थ कळण्याची अट नाही, नकाराची सोय नाही. सुरतेस जो प्रश्न उभा राहिला तो हाच, की जमलेल्या प्रतिनिधींचे अनुमोदन खरोखर मागितले जात आहे, की त्यांनी ‘मम’ तेवढे म्हणावयाचे आहे?

हे अधिवेशन मूळ नागपुरास भरावयाचे होते. तेथील स्वागतमंडळात बेबनाव झाला म्हणून ते सुरतेस हलविण्यात आले. 1906 साली कलकत्त्यास स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांविषयी ठराव झाले होते. ते सुरतेस सौम्य केले जाणार, असा टिळकांच्या राष्ट्रीय पक्षास संशय होता. अध्यक्षपदी डॉ. रासबिहारी घोष यांची योजना झाली होती. राष्ट्रीय पक्षाच्या मनात लाला लजपतराय होते, पण लालाजींनी स्वतःच नकार दिला.

26 डिसेंबर रोजी दुपारी अधिवेशन सुरू झाले. स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांचे भाषण झाल्यावर अंबालाल साकरलाल देसाई यांनी डॉ. घोष यांचे नाव सुचविले. अनुमोदनास सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहिले. ज्यांच्या वाणीने हजारोंच्या सभा भारून जात, त्या सुरेंद्रनाथांना त्या दिवशी अनुमोदनाचे भाषण पुरे करता आले नाही. गलका एवढा वाढला, की सभा दुसऱ्या दिवसावर टाकावी लागली.

27 तारखेस कामकाज पुन्हा सुरू होण्याच्या सुमारास टिळकांनी मालवींकडे एक चिठ्ठी पाठविली. तिचा आशय असा, की अध्यक्षाच्या सूचनेस अनुमोदन मिळाल्यानंतर आपणास प्रतिनिधींपुढे बोलावयाचे आहे. सभा तहकूब करण्याची सूचना, एका विधायक योजनेसह, मांडावयाची आहे. तरी आपले नाव पुकारावे. चिठ्ठीतली ‘अनुमोदनानंतर’ ही मर्यादा लक्षात घेण्याजोगी आहे. अनुमोदन झाले की सूचना सभेची होते, आणि मत घेतले की वाद संपतो. या दोहोंमधली जी फट, तीच विरोधकाची हक्काची जागा.

सुरेंद्रनाथांनी भाषण पुरे केले, मोतीलाल नेहरूंनी पुष्टी दिली, मालवींनी मत विचारले आणि सूचना संमत झाल्याचे जाहीर केले. टिळकांचे नाव पुकारले गेले नाही. टिळक व्यासपीठावर चढले. व्यासपीठावरील मंडळींची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे: त्यांच्या मते अध्यक्षाची निवड नियमानुसार आधीच झालेली होती, सभेपुढील सूचना हा शिष्टाचार होता, आणि त्या टप्प्यावर तहकुबी मांडणे नियमबाह्य होते. टिळकांचे म्हणणे असे, की प्रतिनिधींना विचारावयाचेच असेल, तर त्यांच्यापुढे बोलण्याचा हक्कही असला पाहिजे. ते हात बांधून श्रोत्यांकडे तोंड करून उभे राहिले व हलेनात.

एवढ्यात खालून एक तांबडा मराठी जोडा भिरभिरत आला. तो सुरेंद्रनाथांच्या गालास लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. मग काठ्या निघाल्या, खुर्च्या उडाल्या आणि सभा मोडली. दुसऱ्या दिवशी मवाळांनी आपली निराळी परिषद भरविली. राष्ट्रीय पक्षाची सभा अरविंद घोषांच्या अध्यक्षतेखाली झाली.

1908 साली अलाहाबादेस काँग्रेसची घटना तयार झाली. सभेच्या ध्येयास आपली मान्यता आहे असे प्रत्येक प्रतिनिधीने लेखी कळवावे, असे त्या घटनेने ठरविले. टाळ्यांचा भरवसा उरला नाही, म्हणून सही आली. परंतु सहीनेही तडा सांधला गेला नाही. टिळक त्याच वर्षी मंडालेस गेले व 1914 साली सुटून आले. 1915 साली नियम सैल झाल्यावर, 1916 साली लखनौस दोन्ही पक्ष एका मंडपात आले. गोखले व मेहता तेव्हा हयात नव्हते.

सुरतेच्या त्या गोंधळातील एक दृश्य मात्र विसरता येत नाही. इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन तेथे हजर होते. त्यांनी ते नोंदवून ठेवले आहे. काही तरुण टिळकांवर चालून आले, तेव्हा दोन्ही हात पसरून त्यांना आडवे झाले ते गोपाळ कृष्ण गोखले, टिळकांचे जुने प्रतिपक्षी. त्या कृतीस अनुमोदन म्हणता येणार नाही, कारण टिळकांची सूचना गोखल्यांना मान्य नव्हती. संमतीही म्हणता येणार नाही. तरी ज्याचे मत पटत नाही, त्याच्या अंगावर कोणी हात टाकू नये म्हणून त्याच्या बाजूला उभे राहणे, याला मराठीत स्वतंत्र शब्द नाही. सभेत उच्चारल्या जाणाऱ्या इतर सगळ्या होकारांना मोल येते, ते त्या पसरलेल्या हातांमुळे.