मायनस चौदा

चष्म्याच्या दुकानातला तो मुलगा फार गोड बोलत होता. इतक्या गोड आवाजात वाईट बातमी सांगणारा माणूस यापूर्वी मी फक्त दातांच्या दवाखान्यात पाहिला आहे.

"काका, तुमच्या नंबरला पातळ काच घेतली तर काचांचे 18,000 होतील. फ्रेम वेगळी."

"आणि जाड घेतली तर?"

"जाड 3,000 मध्ये बसेल. पण काका..." एवढं बोलून त्याने माझ्या नाकाकडे पाहिलं. गेली पन्नासहून अधिक वर्षं या नाकाने काचेचा भार वाहिलेला आहे. दोन्ही बाजूंना बैलाच्या मानेला पडतात तशा खुणा आहेत.

माझा नंबर मायनस चौदा. ज्यांना या अंकाचा अर्थ कळत नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. डोळ्यांपुढे सात सेंटिमीटर, म्हणजे साधारण चार बोटं, एवढंच जग मला चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं. त्यापलीकडे सगळं परब्रह्म, निर्गुण आणि निराकार. सकाळी उठल्यावर चष्मा शोधायचा तर आधी चष्मा लावावा लागतो.

बाजाराचा साधा नियम असा की जास्त माल, जास्त दाम. आमच्या काचेत मात्र माल जितका कमी, तितका दाम जास्त. शिवाय डोळे जितके वाईट, तितका दंड मोठा. आमच्या सौ.चा नंबर दीड. तिच्या काचा दुकानदार फ्रेमवर जवळजवळ फुकट देतो. हा अन्याय केव्हापासून चालत आला आहे ते पाहावं, म्हणून मी पुस्तक नाकाला लावून इतिहासात शिरलो.

चष्मा निघाला इटलीत, 1286 च्या सुमारास. 1306 साली फ्लॉरेन्समध्ये एका धर्मोपदेशकाने प्रवचनात सांगितलं की ही कला निघून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. त्यावरून हा हिशेब. वाचून मला भरून आलं, पण घटकाभरच. कारण तो चष्मा चाळिशीचा, फुगीर काचेचा. आम्हाला लागते ती खोलगट काच प्रचारात यायला पंधरावं शतक उजाडलं. म्हणजे दीडशे वर्षं म्हातारी मंडळी चष्मा लावून पोथ्या वाचत होती आणि आमचे पूर्वज खांबांवर आपटत होते.

आपल्याकडेही तीच तऱ्हा. विजयनगरचे व्यासतीर्थ 1520 च्या सुमारास चष्म्याने वाचीत, असा उल्लेख पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी शोधून दाखवला आहे. तोही वाचायचाच चष्मा. आमच्या भाषेने तर पक्षपात लपवलेलाही नाही. म्हाताऱ्यांच्या चष्म्याला 'चाळिशी' हा कसा घरंदाज शब्द! आम्हाला काय? 'ढापण्या' आणि 'सोडावॉटरची बाटली'!

आमचा पहिला वाली म्हणजे मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा. 1462 साली त्याने फ्लॉरेन्समधल्या आपल्या वकिलाला पत्र लिहून तीन डझन चष्मे मागवले. एक डझन लांबचं पाहायला, तरुणांसाठी. एक डझन जवळचं पाहायला, म्हाताऱ्यांसाठी. आणि एक डझन साधारण नजरेचे. वर खुलासा केला की देवाच्या कृपेने मला स्वतःला गरज नाही, लोक मागतात म्हणून मागवतो आहे. कुणाचा नंबर काय, ही भानगडच नाही. हापूस मागवावा तसे डझनावारी चष्मे! पण काही असो, लांबचं न दिसणाऱ्यांसाठी एका राजाने पत्र लिहिलं आणि फुकट चष्मे वाटले, एवढं मात्र खरं.

त्यानंतर असं करणारं मोठं सरकार मला सापडलं ते थेट 1948 सालचं, ब्रिटनमधलं. 5 जुलै 1948 रोजी तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि औषध, कवळी, चष्मा सगळं मोफत झालं. आरोग्यमंत्री होते अन्यूरिन बेव्हन. खाणकामगाराचा मुलगा, स्वतःही पोरवयात कोळशाच्या खाणीत उतरलेला. चष्म्यांसाठी अशी झुंबड उडाली की सरकारचे अंदाज कोलमडले. लोक फुकट्या वृत्तीचे झाले, अशी टीका झाली. टीका करणाऱ्यांना बहुधा दूरचं नीट दिसत असावं. ही माणसं आदल्या दिवशीही आंधळी चाचपडतच होती, फक्त परवडत नव्हतं म्हणून गप्प होती.

पुढे कोरियाचं युद्ध आलं, शस्त्रं हवी झाली. एप्रिल 1951 च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री गेट्स्केल यांनी चष्मे आणि कवळ्या यांची निम्मी किंमत लोकांकडून घ्यायचं ठरवलं. बेव्हन तेव्हा मजूरमंत्री होते. त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्यामागोमाग हॅरल्ड विल्सननीही दिला, जे 1964 मध्ये पंतप्रधान झाले. चष्म्याच्या पैशांवरून मंत्रिपद सोडलं! आपल्याकडे मंत्री पद कशावरून सोडतात हे मला ठाऊक नाही, कारण सोडलेलं मी पाहिलेलं नाही. पण मला दिसतंच किती!

तरी इंग्लंडात आजही दहा किंवा त्याहून जास्त नंबरवाल्याचे डोळे फुकट तपासतात आणि काचेच्या खर्चाला सरकारी हातभार मिळतो. बोटाने मोजून दहा! माझे वर चार शिल्लक राहिले असते.

दुकानातल्या मुलाला मी विचारलं, "पण पातळ काच महाग का?" त्याने बिचाऱ्याने समजावलं. साध्या प्लॅस्टिकच्या काचेचा वक्रीभवनांक 1.50, पातळ काचेचा 1.74. ती प्रकाश जास्त वाकवते, म्हणून साधारण दोन-तृतीयांश जाडीत तेच काम होतं. मालच महागडा, आणि दुकानात तयार नसतो, एकेकासाठी मागवावा लागतो. थोडक्यात, आमच्यासारखे फार नाहीत हाच आमचा गुन्हा.

मी तिसरीत असताना फळा दिसत नाही हे प्रथम गुरुजींना कळलं, तेही मला चार वेळा छड्या मारून झाल्यावर. अण्णा मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. आठवड्याभरात चष्मा आला. झाडाला पानं वेगवेगळी असतात, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर झाड म्हणजे एक हिरवा ढीग, अशीच माझी समजूत होती.

अण्णा मात्र वर्तमानपत्र हात लांब करून वाचायचे. आई म्हणायची, "पेपर वाचताय की वाळत घालताय?" आम्ही पोरं हसायचो. आम्हाला ती त्यांची ऐट वाटायची.

मागच्या वर्षी आईची ट्रंक आवरताना डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या सापडल्या. एकाच तारखेच्या. एक माझी, तिच्या मागे दुकानदाराने रक्कम लिहिलेली. दुसरी अण्णांची. चाळिशीची. तिच्या मागे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"जाडच द्या," मी त्या मुलाला म्हणालो. "माझ्या नाकाला सवय आहे." आणि एकदम दचकलो. आवाज हुबेहूब अण्णांचा होता.

बरोबर आलेली लेक म्हणाली, "पातळ लावा हो. माझा नंबर पुढच्या महिन्यात."

"दोन्ही आजच," मी म्हणालो. "तुझीही चिठ्ठी काढ."

मुलगा उत्साहाने म्हणाला की 22 सप्टेंबर 2025 पासून चष्म्यावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला आहे. बेव्हनसाहेबांना बरं वाटलं असतं.

त्याने दोन्ही चिठ्ठ्या परत दिल्या. मी चष्मा कपाळावर चढवला, एकेक चिठ्ठी सात सेंटिमीटरवर धरली आणि दोन्हींच्या मागे रक्कम लिहिली आहे ना, हे नीट पाहून घेतलं.